पणजोबांचे फेरफार, सातबारे वंशावळीच्या सॉफ्टवेअरमध्ये कसे नोंदवायचे आणि सोर्स कसा द्यायचा

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे नंतर वाचणाऱ्यालाही कळेल. गाव जुन्नर तालुक्यातलं. तहसीलच्या रेकॉर्ड रूममधून पणजोबांच्या वारसाचा १९३८ सालचा फेरफार निघाला, सोबत १९५५ च्या आसपासचा हाताने लिहिलेला सातबारा आहे आणि आजचा डिजिटल सातबाराही आहे, आणि हे सगळं ग्रॅम्प्स ह्या वंशावळीच्या सॉफ्टवेअरमध्ये चढवायचंय. जमीन हे ठिकाण धरायचं का घटना, सोर्स एक करायचा का तीन, आणि एका नोंदीत पाच माणसं असतील तर तेच तेच पाच वेळा टाईप करायचं का, असं तुम्ही विचारलंय. स्वतःच्या घराण्याचं आणि इतरांचंही हे काम मी बरीच वर्षं करतोय त्यामुळे जरा सविस्तर लिहितो, चहा घेऊन बसा.

पहिलं म्हणजे हे तीन कागद एका पारड्यात टाकू नका. सातबारा एवढंच सांगतो की अमुक साली ह्या जमिनीवर कुणाचं नाव होतं. ते नाव तिथं कसं आलं हे तो सांगत नाही, फक्त नावाशेजारी गोल करून एक नंबर लिहिलेला असतो, तो फेरफाराचा नंबर. माणूस कधी गेला, त्याला वारस कोण, त्यातलं कोण अज्ञान (वयाने लहान) होतं, वर्दी (तलाठ्याला खबर) कुणी दिली हे सगळं फेरफारात म्हणजे गाव नमुना ६ मध्ये असतं आणि वंशावळवाल्याला नेमकं तेच हवं असतं. होतं काय की लोक सातबारा स्कॅन करून पणजोबांच्या नावाला चिकटवतात आणि सोर्समध्ये "७/१२" एवढंच लिहून मोकळे होतात, मग काही वर्षांनी घरातल्याच पुतण्याला कळत नाही की हा कुठल्या गावचा, कुठल्या सालचा आणि ह्यातून सिद्ध काय होतं. माझं सांगणं असं की सातबारा हा फेरफार शोधायची यादी म्हणून वापरा. त्याच्यावरचे गोलातले सगळे नंबर उतरवून काढा, कंस करून कमी केलेल्या नावांपुढचे पण, आणि प्रत्येक नंबराची नक्कल मागा. १९५५ च्या उताऱ्यावर तर हे आधी करा, कारण हस्तलिखित सातबाऱ्याचं दर काही वर्षांनी पुनर्लेखन व्हायचं आणि कंसातली नावं नव्या उताऱ्यावर येत नसत. म्हणजे आजच्या डिजिटल सातबाऱ्यावर जो चुलत पणजोबा औषधालाही सापडणार नाही तो १९५५ च्या कागदावर कंसात बसलेला असू शकतो.

आता तुमच्या मूळ प्रश्नाचं उत्तर. जमिनीचा तुकडा म्हणजे ठिकाण. त्या तुकड्यावर जे घडलं, वारस लागले, वाटप झालं, विक्री झाली, ती घटना. ज्या रजिस्टरात ते लिहिलंय तो सोर्स, रजिस्टरातली ती एक नोंद म्हणजे सायटेशन, आणि रजिस्टर जिथं ठेवलंय ती कचेरी म्हणजे रिपॉझिटरी. एवढी वाटणी पक्की केली की नव्वद टक्के घोळ मिटतो.

सोर्स किती करायचे ह्यावर मतं दोन आहेत. काही जण प्रत्येक कागदाचा वेगळा सोर्स करतात. मी करत नाही, कारण एका गावाचे चाळीस फेरफार निघाले की चाळीस सोर्स होतात आणि यादी बघवत नाही. मी एका गावाच्या एका रजिस्टरला एक सोर्स देतो. टायटल असं: "फेरफार नोंदवही (गाव नमुना ६), मौजे अमुक, तालुका जुन्नर, जिल्हा पुणे". गाव-तालुका-जिल्हा तिन्ही टायटलमध्येच हवेत, कारण फेरफाराचा नंबर त्या गावापुरताच असतो, ६१२ नंबरची नोंद शेजारच्या गावातही असणारच, आणि एकाच नावाची गावं एका जिल्ह्यात दोन-तीन निघतात. सातबाऱ्याचा सोर्स वेगळा (गाव नमुना ७ व १२), खातेउताऱ्याचा वेगळा (८अ), वारस नोंदवहीचा वेगळा (६क). डिजिटल सातबारासुद्धा मी वेगळाच सोर्स धरतो, कारण तो जुन्या रजिस्टरवरून टायपिंग करून बनलाय आणि टायपिंगमध्ये नावं बदललेली असतात, धोंडीचा धोंडीबा होतो, बाबूचा बापू होतो.

सायटेशनच्या व्हॉल्यूम/पेजच्या रकान्यात मी असं लिहितो: "नोंद नं. ६१२, वर्दी १४-६-१९३८, मंजूर २०-९-१९३८, सर्वे नं. ४५/२ व ४६/१". आणि खाली नोटमध्ये तुम्ही नक्की काय पाहिलंत ते. मूळ रजिस्टरचा फोटो काढलाय, का तहसीलची खरी नक्कल आहे, का आपले अभिलेख पोर्टलवरचं स्कॅन आहे, का महाभूलेखवर नुसताच बघायला मिळतो तो विनासहीचा उतारा आहे, का पंधरा रुपये भरून काढलेला डिजिटल सहीचा. हे पाचही वेगळे आहेत आणि त्यांचं वजनही वेगळं आहे. नक्कल असेल तर नक्कल दिल्याची तारीख लिहा, पोर्टलवरून घेतलं असेल तर डाउनलोडची तारीख लिहा, डिजिटल सहीच्या उताऱ्यावर पडताळणी क्रमांक असतो तो पण उतरवा. जुनी नक्कल म्हणजे कारकुनाने मूळ वाचून परत लिहिलेली, त्यामुळे मूळ रजिस्टर मोडीत असेल तर वाचनाची एक पायरी मध्ये आलीच. मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नसतो म्हणून नावाचं स्पेलिंग नकलेवरून ठरवायला जाऊ नका.

आता तुम्ही नावं बदलून दिलेला मजकूर घेऊ, ह्याच्यावरूनच सगळं समजेल. नोंद अशी: "खातेदार धोंडी बिन सखाराम हा सुमारे चार महिन्यांपूर्वी मयत. त्यास वारस मुलगे १) बाबू २) ज्ञानू ३) रामा अज्ञान पा.क. आई गंगूबाई कोम धोंडी. सबब बाबू बिन धोंडी याचे नाव ए.कु.मॅ. म्हणून दाखल केले." वर्दी बाबूची, १४ जून १९३८. आणि चौथ्या रकान्यात सर्कल इन्स्पेक्टरची सही, मंजूर, २० सप्टेंबर १९३८.

ह्या चार ओळींत किती माल आहे बघा. धोंडीचा बाप सखाराम (बिन म्हणजे मुलगा). धोंडीची बायको गंगूबाई (कोम म्हणजे बायको), ती रामाची पालक (पा.क.), आणि जून १९३८ ला ती हयात. तीन मुलगे, त्यातले दोन सज्ञान. रामा १४ जून १९३८ ला अज्ञान म्हणजे अठराच्या आतला, म्हणजे त्याचा जन्म जून १९२० नंतरचा. बाबू आणि ज्ञानू त्याआधीचे. आणि धोंडीचं मरण १९३८ च्या फेब्रुवारीच्या आसपास. इथंच सगळ्यात जास्त लोक घसरतात, मृत्यूच्या तारखेत १४ जून टाकतात, काही तर २० सप्टेंबर टाकतात कारण सहीखाली तीच ठळक दिसते. एका फेरफारात किमान तीन तारखा असतात, घटना घडली ती, वर्दी दिली ती आणि मंजुरीची. कधीकधी वारसाची वर्दी मेल्यानंतर दहा-पंधरा वर्षांनी दिलेली असते, कुणीतरी कर्ज काढायला गेलं किंवा जमीन विकायची वेळ आली की मगच वारस लावायची आठवण येते. म्हणून मृत्यूची तारीख "अंदाजे फेब्रुवारी १९३८" अशी घाला, ग्रॅम्प्स अंदाजे, पूर्वी, नंतर, दोन तारखांच्या मध्ये असं सगळं घेतं. नोंदीत "मयत" एवढंच असेल आणि कधी ते नसेल तर "१४ जून १९३८ पूर्वी" एवढंच खरं आहे, त्याच्या पलीकडे एक दिवसही जाऊ नका. रामाचा जन्म "जून १९२० नंतर" असा, आणि त्याच्या सायटेशनला नोट, की नोंदीत अज्ञान म्हटलंय त्यावरून काढलंय. कागद काय म्हणतो आणि त्यातून तुम्ही काय काढलंत हे दोन वेगळ्या जागी लिहायची सवय लावून घ्या, ह्या सगळ्या उत्तरात मला मनापासून आग्रहाने सांगायचंय ते हेच. सायटेशनच्या नोटमध्ये नोंदीचा मजकूर शब्द न शब्द, अशुद्धलेखनासकट, "सबब" सकट. तुमचा अर्थ दुसऱ्या नोटमध्ये. म्हणजे उद्या तुमचा अर्थ चुकीचा निघाला तरी मजकूर शाबूत राहतो.

आणि ही नोंद काय सांगत नाही तेही बघा. मुलींचं नाव नाही म्हणजे मुली नव्हत्या असं धरू नका, १९५६ चा हिंदू वारसा कायदा यायच्या आधी वारसाच्या नोंदीत मुली सहसा नसायच्याच. गंगूबाई रामाची आई आहे हे लिहिलंय, बाबू आणि ज्ञानूची आई तीच हे लिहिलेलं नाही, पहिल्या बायकोची मुलं असू शकतात. मुलांचा क्रम बहुतेक थोरला-धाकटा असाच असतो पण कागदाने तसं वचन दिलेलं नाही. आणि ए.कु.मॅ. म्हणजे एकत्र कुटुंबाचा मॅनेजर (कुठे ए.कु.पु. लिहितात, पुढारी), म्हणून सातबाऱ्यावर पुढे एकट्या बाबूचंच नाव दिसणार. नुसता १९५५ चा सातबारा हातात असता तर तुम्ही ज्ञानू आणि रामाला वंशावळीतून उडवूनच टाकलं असतं, दोन अख्ख्या शाखा गेल्या असत्या.

आता हे सॉफ्टवेअरमध्ये कसं. पाच वेळा टाईप अजिबात करायचं नाही. ग्रॅम्प्समध्ये एकच इव्हेंट करा, प्रकार प्रॉपर्टी (तो तयारच आहे, हवं तर "वारस फेरफार" असा स्वतःचा प्रकार पण करता येतो), तारीख मंजुरीची किंवा वर्दीची, कुठलीही एकच घ्या पण सगळीकडे तीच पद्धत ठेवा, ठिकाण सर्वे नंबर. मग तोच इव्हेंट प्रत्येक माणसाला जोडा आणि जोडताना त्याची भूमिका लिहा, धोंडी मयत खातेदार, मुलगे वारस, गंगूबाई पालक, बाबू वर्दीदार. भूमिका स्वतःच्या शब्दांत लिहिता येतात. रूट्समॅजिक वापरत असाल तर तिथं शेअर्ड फॅक्ट म्हणून हेच आहे. सायटेशनही एकच करा आणि तेच मुलांच्या आईबापाच्या नात्याला (मुलाच्या जोडणीवर सायटेशन लागतं, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं), गंगूबाईच्या नावाला असं क्लिपबोर्डवरून सगळीकडे लावा. फोटो सायटेशनला जोडा, माणसाला नको, म्हणजे जिथं जिथं ती नोंद वापरलीय तिथून फोटो उघडतो. एक बारकावा, ग्रॅम्प्समध्ये विश्वासार्हतेच्या पाच पायऱ्या आहेत आणि ती पायरी सायटेशनला लागते. वारसांसाठी ही नोंद भक्कम आहे पण मृत्यूच्या तारखेसाठी कच्ची आहे, तेव्हा मृत्यूसाठी त्याच नोंदीचं दुसरं सायटेशन करून पायरी खाली ठेवा. एवढी दोनच, जास्त फाटे फोडू नका.

हिस्से. जुन्या सातबाऱ्यावर नावापुढे आणे-पै लिहिलेले असतील तर ते सोडू नका, आकडे वंशावळ सांगतात. अख्खी जमीन म्हणजे रुपया, सोळा आणे, आणि आण्याला बारा पै म्हणजे एकूण १९२ पै. एखाद्याच्या नावापुढे ५ आणे ४ पै असेल तर ते ६४ पै, म्हणजे बरोबर एक तृतीयांश, तिघांतला एक. पुढच्या उताऱ्यावर दोघांच्या नावापुढे २ आणे ८ पै दिसले, म्हणजे ३२-३२ पै, तर एका भावाच्या तृतीयांशाचे दोन वारस झाले, आणि बहुतेक ते त्याचे दोन मुलगे. नातं न लिहिता सुद्धा कुठली फांदी कुठून फुटली ते ह्या आकड्यांवरून कळतं. पण हा पण अंदाजच, हिस्सा विकत घेतलेलाही असू शकतो, तेव्हा त्या हिस्श्याचा फेरफार बघितल्याशिवाय नातं पक्कं करू नका. हे आणे-पै ग्रॅम्प्समध्ये इव्हेंट माणसाला जोडताना तिथल्या ॲट्रिब्यूटमध्ये घालता येतात, प्रत्येकाचा हिस्सा त्याच्या त्याच्यापाशी राहतो. आणि दशमानात करून लिहू नका, जसंच्या तसं लिहा. क्षेत्राचंही तेच, कागदावर ३ एकर २७ गुंठे असेल तर तेच लिहा, शेजारी हवं तर १ हेक्टर ४८.७ आर.

ठिकाणाचा भाग जरा किचकट आहे. ग्रॅम्प्समध्ये ठिकाणं एकात एक बसवता येतात, गावाच्या पोटात "सर्वे नं. ४५/२" असं ठिकाण करा. तुमच्या १९५५ च्या कागदावर सर्वे नंबर आहे आणि आजच्यावर गट नंबर, हे एकत्रीकरणामुळे झालंय, १९४७ च्या तुकडेबंदी-तुकडेजोड कायद्याखाली योजना झाली तिथं सर्वे-हिस्से एकत्र करून गट पाडले. एका सर्वेचा सरळ एक गट झाला असेल तर त्याच ठिकाणाला दुसरं नाव द्या आणि नावाला तारीख लावा, तशी सोय आहे. पण दोन-तीन हिस्से आणि शेजाऱ्याचा तुकडा मिळून गट झाला असेल तर दुसरं नाव देऊ नका, नवीन ठिकाण करा आणि नोटमध्ये लिहा की हा गट कुठल्या कुठल्या सर्वेतून आला. सगळ्यांनाच एक नाव दिलं तर शेजाऱ्याचे पूर्वज तुमच्या जमिनीवर दिसायला लागतील. जुन्या-नव्याचा मेळ घालायला एकत्रीकरणाचा उतारा भूमी अभिलेख उपअधीक्षकांकडे मिळतो. तो मिळाला नाही तर क्षेत्र आणि आकार दोन्ही जुळवून बघा. आकार म्हणजे सारा, रुपये-आणे-पैमध्ये लिहिलेला असतो आणि नंबर बदलला तरी तो बराच काळ तसाच चालत आलेला असतो, म्हणून आकार न चुकता उतरवून ठेवा. हल्लीच्या सातबाऱ्यावर गावाचा एलजीडी कोड (सरकारी गाव-क्रमांक) आणि भू-आधार क्रमांक असतो, ठिकाणाच्या कोडच्या रकान्यात तो घाला.

जिल्हे-तालुकेही बदललेत. तुमचं जुन्नर पुण्यातच राहिलं, पण दुसऱ्या कुणाचं गाव आज सिंधुदुर्गात असेल तर १ मे १९८१ च्या आधीचे सगळे कागद रत्नागिरी जिल्ह्याच्या नावाने आहेत, जालना त्याच दिवशी औरंगाबादेतून वेगळा झाला, लातूर १९८२ ला उस्मानाबादेतून, नंदुरबार १९९८ ला धुळ्यातून, पालघर तर २०१४ ला ठाण्यातून. भोर, औंध, सांगली, कोल्हापूर अशा संस्थानांतल्या गावांना विलीनीकरणाच्या आधी दप्तरच वेगळं होतं. ठिकाण कशाच्या पोटात हे तारखेनिशी लिहिता येतं, ते लिहा. सोर्सच्या टायटलमध्ये मात्र कागदावर आहे तोच जिल्हा, आजचा नाही. रिपॉझिटरीत आज कागद जिथं आहे ती कचेरी.

तुमचा भाग जुन्या मुंबई इलाख्यातला म्हणून सातबारा-फेरफार. मराठवाड्यात कुणाचे पूर्वज असतील तर निजामाच्या राज्यातले कागद, सेतवार, पहाणी पत्रक, आणि नंतरचं १९५४-५५ चं खासरा पत्रक, जुने उर्दूत आणि साल फसली (महसुली साल). फसलीत ५९० मिळवले की साधारण इसवी सन येतो, वर्षाचा शेवट पुढच्या सनात जातो म्हणून फसली १३६० म्हणजे १९५०-५१ असं दोन सालांत लिहावं. नागपूर, वर्धा, भंडारा, चांदा इकडे मालगुजारी होती, तिथं मिसल आणि १९५४-५५ चा अधिकार अभिलेख बघायचा. कोकणात खोती, १९४९ च्या कायद्याने ती गेली पण त्याआधीच्या कागदांवर खोताचं नाव वर आणि कसणारा खाली, तेव्हा तुमचा पूर्वज कुठल्या ओळीत आहे ते बघून लिहा. गोव्यात एक-चौदाचा उतारा. ग्रॅम्प्समध्ये शक किंवा फसली कॅलेंडर नाही (इस्लामी, इराणी, ज्यू वगैरे आहेत), म्हणून तारीख इसवीत घालून तिच्या मजकुराच्या रकान्यात मूळ "फसली १३६०" किंवा "शके १७८४" तसंच लिहून ठेवा. जुन्या सनदांवर सुहूर सन असतो, त्यात ५९९ किंवा ६०० मिळवायचे.

वतनी किंवा इनामी जमीन असेल तर अजून मागे जाता येतं. इनाम कमिशनच्या काळात, म्हणजे १८५० च्या दशकात, इनामदारांकडून कैफियती (लेखी हकीकती) घेतल्या आणि त्यांना वंशावळी जोडलेल्या असतात, पुण्याच्या पुराभिलेखागारात पेशवे दफ्तराबरोबर असे कागद आहेत. पाच-सहा पिढ्या एकदम मिळाल्या की माणूस हरखून जातो. पण ती वंशावळ हक्क शाबीत करायला दिलेली आहे हे लक्षात ठेवा, आपण मूळ इनाम मिळवणाऱ्याचे वंशज हे दाखवण्यात देणाऱ्याचा फायदा होता, आणि हक्क नसलेल्या भावकीला वगळण्यातही होता. कैफियत देणाऱ्याचा बाप, आजा इथवर विश्वास ठेवा, त्याच्या वरच्या पिढ्यांना पायरी खालची.

आणि जमिनीवर एकामागून एक आलेली नावं म्हणजे बाप-लेक, असं समजू नका. १ एप्रिल १९५७ चा कृषक दिन आठवा, कुळकायद्याने त्या दिवसापासून कूळ मालक झालं, तेव्हा त्या सुमाराच्या सातबाऱ्यावर मालकाचं नाव जाऊन एकदम परकं आडनाव दिसलं तर ते त्या कायद्याच्या कलम ३२ग चं असू शकतं. उलट तुमचे पूर्वज स्वतः कूळ असतील तर १९५७ च्या आधी ते मालकीच्या रकान्यात सापडणारच नाहीत, कुळाच्या रकान्यात आणि नमुना १२ च्या पीकपाहणीत शोधा. माझ्या मते गरीब घरांच्या वंशावळी तिथंच आहेत आणि लोक तो भाग फोटो काढताना कापून टाकतात, ते करू नका, सातबारा दोन्ही बाजूंनी पूर्ण घ्या.

बायकांसाठी "इतर हक्क" बघा. १९५६ नंतर मुली वारस झाल्या पण गावोगावी त्यांची नावं मालकीच्या रकान्यात न घेता इतर हक्कात टाकली जायची. तिथं किंवा फेरफारात "अमुक भ्र. तमुक, रा. अमुक गाव" असं (भ्र. म्हणजे भ्रतार, नवरा) असेल तर सासरचं नाव आणि गाव दोन्ही हाताला लागतं, दुसऱ्या कुठल्याही कागदात हे इतक्या सहज मिळत नाही. नंतर बहिणींनी हक्कसोड केलं असेल तर सातबाऱ्यावरून नाव जातं पण दुय्यम निबंधकांकडे नोंदणी झालेल्या हक्कसोडपत्रात प्रत्येकीचं वय आणि पत्ता असतो. तो दस्त मिळवा आणि त्याचा सोर्स वेगळा करा, दस्त नंबर, साल आणि निबंधक कार्यालय ह्या तीन गोष्टी सायटेशनमध्ये.

नामंजूर झालेले फेरफारही टाकून देऊ नका. रद्द नोंद मालकीला उपयोगाची नसेल पण हरकत कुणी घेतली, मी मयताचा पुतण्या आहे असं कुणी म्हटलं, हे तक्रारीच्या नोंदवहीत (६अ) आणि त्या केसच्या जबाबात असतं. सायटेशनमध्ये "नामंजूर" हे ठळक लिहा आणि जबाब कुणाचा ते लिहा.

एक्सपोर्टबद्दल एक सांगतो. गेडकॉममध्ये (वंशावळ एका सॉफ्टवेअरमधून दुसऱ्यात न्यायचा फाइल-प्रकार) काढलं की शेअर केलेल्या इव्हेंटमधल्या भूमिका बहुतेक ठिकाणी गळून पडतात, प्रॉपर्टी हा प्रकार जातो पण तो मुख्य माणसाच्या नावाने. विश्वासार्हतेच्या पाच पायऱ्यांच्याही तिथं चारच होतात. म्हणून नोंदीचा मजकूर नोटमध्ये पूर्ण असला पाहिजे, भूमिका गेल्या तरी वाचणाऱ्याला सगळं कळेल. फोटोच्या फाइलच्या नावात तालुका, गाव, नमुना, नंबर आणि साल ह्याच क्रमाने घाला, सॉफ्टवेअर बदललं तरी फाइलवरून कागद ओळखता येईल.

आणि आजचा डिजिटल सातबारा कुणालाही पाठवायच्या ट्रीमध्ये ठेवू नका. त्यावर हयात माणसं आहेत, बँकेचा बोजा आहे, खाते नंबर आहे. ग्रॅम्प्समध्ये प्रत्येक नोंदीला कुलूप लावता येतं, त्या सायटेशनला आणि फोटोला दोन्हीला लावा आणि एक्सपोर्ट करताना खाजगी नोंदी वगळा. भावकीत वाटपाचं काही चालू असेल तर अजून जपून, तुमची ट्री म्हणजे वारस दाखला नव्हे आणि सातबाऱ्याची नोंदही महसुलासाठी असते, तिच्यावरून मालकी ठरत नाही, हे पण त्यांना सांगून ठेवा.

तुमच्या कामात पुढचा कागद माझ्या मते ह्या ६१२ नंबरच्या नोंदीच्या मागचा. धोंडीचं नाव ज्या नोंदीने लागलं ती शोधा, त्यात सखारामच्या वारसांत धोंडीचे भाऊ असतील. मुंबई इलाख्यात हक्कनोंदीचा कायदा १९०३ चा, त्यानंतर ज्या साली तुमच्या गावात हक्कनोंद सुरू झाली तिथून रजिस्टर सुरू होतं आणि पहिल्या नोंदी त्या वेळच्या सगळ्या खातेदारांच्या असतात, म्हणून धोंडीची नोंद वारसाची नसून सुरुवातीची निघाली तर त्याच्या मागचं फेरफारात मिळणार नाही. मग भूमी अभिलेखकडे कडईपत्रक आणि सूड (जुन्या मोजणी-आकारणीचे कागद) मागायचं, बहुतेक मोडीत असेल, वाचणारा आधी गाठून ठेवा आणि वाचन कुणी करून दिलं ते सायटेशनच्या नोटमध्ये लिहा.